एमएस प्रोजेक्टचं ट्रेनिंग आमच्याच कामावर करून घ्यायचंय, कोणी करून घेतलंय का?

भोसरी_प्लॅनर:
नमस्कार मंडळी. भोसरीत आमची एसपीएम (एखाद्या ठरावीक कामासाठीच बनवलेली खास मशिनं) बनवणारी कंपनी आहे, ऑफिस आणि शॉप धरून साठेक माणसं, मी प्लॅनिंग बघतो. मागच्या वर्षी दोन मशिनं कस्टमरकडे उशिरा गेली, एलडी (उशिराची दंडवजा भरपाई) बसली, मग साहेबांनी तिरमिरीत एमएस प्रोजेक्टची (मायक्रोसॉफ्टचं कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर) पाच लायसन्सं घेतली आणि एका ट्रेनरला दोन दिवस बोलावलं. माणूस चांगला होता, शिकवलंही नीट, पण दोन्ही दिवस आम्ही त्याच्या उदाहरणातलं घर बांधत बसलो. पाया, भिंती, स्लॅब, रंगकाम. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या मशिनची फाइल करायला बसलो तर दीडशे टास्क टाकले, सगळ्यांना तारखा टाइप केल्या, कोणत्या कामानंतर कोणतं अशा लिंक्स पण दिल्या, आणि डिझाइन आठवडाभर पुढे ढकललं तर खालचं काहीच हलेना. मग काय, सगळे परत एक्सेलवर.
आता साहेब म्हणतात पुन्हा ट्रेनिंग घ्या पण यावेळी 'आपल्या कामाचं'. तर ट्रेनरला आधी काय काय द्यायचं, किती जण बसवायचे, आणि शॉपवरच्या सुपरवायझरना बसवायचं का? ते आत्ताच म्हणायला लागलेत की आम्हाला कशाला त्यात ओढता.

गँटवाला:
मी हेच ट्रेनिंग देतो, तेव्हा धंद्याचं बोलतोय असं वाटलं तर सोडून द्या. तारखा का हलल्या नाहीत ते आधी सांगतो. खाली स्टेटस बारवर बघा, 'न्यू टास्क्स : मॅन्युअली शेड्यूल्ड' असं असेल. २०१० च्या व्हर्जनपासून नवीन टास्क आपोआप मॅन्युअलच येतो, म्हणजे तो तुमची तारीख धरून बसतो, आधीचं काम घसरलं तरी जागचा हलत नाही. ऑटो केलं तरी स्टार्टच्या कॉलममध्ये तारीख टाइप करू नका, तिथे टाइप केलं की 'या तारखेच्या आधी सुरू नको' अशी अट बसते आणि मग काम लवकर सुटलं तरी पुढचा टास्क अलीकडे येत नाही. ड्युरेशन (किती दिवसांचं काम) द्या, प्रेडिसेसर (त्याच्या आधीचं काम) द्या, तारीख त्याची त्याला काढू द्या. दुसरं म्हणजे कॅलेंडर. त्यातलं स्टँडर्ड कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, ८ ते १२ आणि १ ते ५. तुम्ही भोसरीत, म्हणजे तुमची सुट्टी गुरुवारी असणार. ती बदलली नसेल तर तुमचा प्लॅन दर गुरुवारी काम करतोय आणि शनिवार-रविवार घरी झोपतोय.
ट्रेनरला दोन गोष्टी द्या. एक, नुकतंच गेलेलं मशिन, खऱ्या तारखांसकट, कुठे किती अडकलं ते. दुसरं, आत्ता चालू असलेलं. फाइल त्याच्यावरच बनवायची. आठ-दहाच्या वर माणसं घेऊ नका. आणि सलग दोन दिवस नको, अर्धा अर्धा दिवस करून चार वेळा, मध्ये आठवडा सोडून. त्या आठवड्यात त्यांनी खरं प्रोग्रेस भरायचं, पुढच्या वेळी चुका घेऊन यायचं. खरं ट्रेनिंग त्या चुकांवरच होतं.

सातपूरकर:
वरचं कॅलेंडर बदलाल तेव्हा एक खड्डा आहे, आम्ही त्यात पडलोय म्हणून सांगतो. आम्ही सहा दिवसांचा आठवडा लावला आणि खुश झालो. पण ऑप्शन्समध्ये आठवड्याचे तास ४० च राहिले. सर्वो मोटरवाला म्हणाला सहा आठवडे, आम्ही ६ आठवडे टाकले, सॉफ्टवेअरने हिशोब केला २४० तास, म्हणजे ८ तासाने ३० दिवस, म्हणजे आमचे पाचच आठवडे! मोटर प्लॅनमध्ये एक आठवडा आधीच आली, असेंब्लीवाले फिटर मोकळे करून बसले. तिथे ४८ करा, आणि बाहेरून येणाऱ्या मालाला तर सरळ '६ ई डब्ल्यू' टाका, म्हणजे इलॅप्स्ड, पंचांगाचे आठवडे, त्याला तुमच्या सुट्टीशी घेणंदेणं नसतं. हार्ड क्रोम, हीट ट्रीटमेंट बाहेर देत असाल तर तिथेही तेच.
सुपरवायझरना सॉफ्टवेअर शिकवू नका राव. आम्ही दर सोमवारी त्यांच्या पुढच्या दोन आठवड्यांच्या कामांची एक पानाची प्रिंट देतो, ते पेनाने खुणा करतात, प्लॅनिंगचा पोरगा भरतो. त्यांना फक्त तासभर बसवून ती प्रिंट कशी वाचायची ते दाखवलं, तेवढ्याने भागलं.

जुना_फिटर:
पस्तीस वर्षं शॉपवर काढली. आमच्या वेळी स्टोअरवाल्याच्या डायरीत सगळं असायचं आणि मशिनं जायची की. तुमचं मशिन सॉफ्टवेअर नव्हतं म्हणून उशिरा गेलं, की कस्टमरने ड्रॉइंगला मंजुरी द्यायला महिना लावला म्हणून? ते आधी बघा.

गँटवाला:
@जुना_फिटर काका, अगदी बरोबर, पण तो महिना प्लॅनमध्ये दिसतच नाही हीच तर बोंब आहे. मंजुरी हा वेगळा टास्क टाका, ऑर्डर आल्यावर बेसलाइन, म्हणजे मूळ प्लॅनची प्रत, सेव्ह करा (एका फाइलीत ११ बेसलाइन मावतात, पहिली मात्र पुसू नका), मग कस्टमर एलडीचं बोलला की कुठली तारीख कोणामुळे घसरली ते समोर ठेवता येतं.

भोसरी_प्लॅनर:
सगळ्यांचे आभार. आत्ताच फाइल उघडून बघितली, गुरुवार वर्किंग आणि टास्क सगळे मॅन्युअल, दोन्ही आहे. काकांचंही खरं आहे, दोनातलं एक मशिन मंजुरीतच २६ दिवस अडकलेलं, मेल शोधून काढले, आणि आमच्या प्लॅनमध्ये त्याची ओळच नाही. आता एकच, आमच्याकडे डिझाइनला दोन माणसं आणि चार मशिनं चालू, रिसोर्स शीटमध्ये (माणसांच्या यादीत) दोघांची नावं कायमच लाल दिसतात, म्हणजे वेळेपेक्षा जास्त काम. हा विषय ट्रेनिंगमध्ये घ्यायचा का साहेबांना नुसता स्क्रीनशॉट पाठवू?

सातपूरकर:
स्क्रीनशॉट. आजच.