जेडची पानं सुरकुतली, खोड मऊ पडलंय. पाणी वाढवू की बंद करू?

मानेवाड्याची बाल्कनी
नमस्कार. माझ्याकडे चार वर्षांचं जेड (जाड, रसाळ पानांचं शोभेचं झाड) आहे. वर्ध्याला आत्याकडे गेले होते, तेव्हा तिच्या झाडाचं गळालेलं एक पान वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून आणलं होतं. त्या एका पानाचं हे वीतभर झाड झालं. आत्या मागच्या दिवाळीत गेली, घरही विकलं, तिचं ते मोठं झाड कुठे गेलं कुणालाच माहीत नाही. म्हणून फार जीव लागलाय याच्यावर.

मार्चपर्यंत बाल्कनीत छान होतं. बाल्कनी पश्चिमेची, दुपारी भट्टी होते. म्हणून हॉलमध्ये कूलरसमोर स्टुलावर ठेवलं, त्यालाही गारवा मिळेल म्हणून. आधी आठवड्यातून एकदाच पाणी घालायचे. पंधरा दिवसांपूर्वी पानं सुरकुतायला लागली. वाटलं तहान लागली असेल, म्हणून तुळशीसोबत रोज सकाळी एक पेला घालू लागले. आता खालची पानं पिवळी पडलीत, आत पाणी भरल्यासारखी आरपार दिसतात, बोट लागलं की गळतात. मातीलगत खोड दाबलं तर मऊ लागतं. २५ मेपासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. काय करू?

गच्ची आणि कुंड्या
ताई, पाणी आजच बंद करा आणि कूलरसमोरून कुंडी उचला. पान सुरकुतलं म्हणजे पानात पाणी कमी आहे. कुंडीतही कमी आहे असं नाही. मुळं सडली की ओल्या मातीत बसूनही झाड तहानलेलंच राहतं, आणि आपण आणखी पाणी ओततो. माझी दोन झाडं अशीच गेली.

जेडची पद्धत इतर झाडांपेक्षा उलटी आहे. पानांवरची बारीक छिद्रं दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात. रात्री हवा आत घ्यायची, आम्लाच्या रूपात साठवायची आणि दिवसा उन्हात त्याची साखर करायची. म्हणूनच रात्र थंड असली की त्याला बरं वाटतं. मे महिन्यात आपल्या नागपुरात कित्येकदा रात्रीसुद्धा पारा २८-३० च्या खाली येत नाही. अशा वेळी झाड वाढ थांबवून बसतं, पाणी फारसं ओढतच नाही. त्यात कूलरची ओली हवा दिवसरात्र अंगावर, मग कुंडी वाळणार कधी?

कुंडीत तळापर्यंत अगरबत्तीची काडी खुपसा, दहा मिनिटांनी काढून बघा. ओली, माती चिकटलेली निघाली तर झाड काढून मुळं तपासा.

काटोल रोड
ताई, माती कोणती हाय ते सांगा आधी. आपली काळी माती असन तर तिथंच घोळ हाय. वरून भेगा पडते, वाळली म्हणून आपण पाणी टाकतो, अन् खाली चिखल तसाच राहते. शेतात कपाशीले ते चालते, जेडले नाही चालत. मी दोन भाग जाडी रेती चाळून घेतो, एक भाग जुनं शेणखत, एक भाग विटांचे बारीक तुकडे. रेतीतला भुगा काढूनच टाका, नाहीतर तो खाली बसून गच्च होते. कुंडी मातीची घ्या, प्लास्टिकची नको.

मानेवाड्याची बाल्कनी
काडी चिखल लागून निघाली. माती काळीच होती, आमच्या सोसायटीच्या मागच्या प्लॉटमधली. झाड उपटायची गरजच पडली नाही, नुसतं धरलं तर हातात आलं. मुळांचं साल मोज्यासारखं निघून आलं, आत फक्त दोरे. वास कुजलेल्या कांद्याचा.

खोड खालून कापत गेले. पहिल्या कापाला आतलं सगळं तपकिरी. दुसऱ्याला कडा हिरवी, मधे तपकिरी ठिपका. तिसऱ्याला स्वच्छ हिरवट पांढरं निघालं, तेव्हा कुठे श्वास सोडला. चार बोटं लांब शेंडा उरलाय, सहा पानं शाबूत. याला लगेच लावू का?

गच्ची आणि कुंड्या
लगेच नको! दर कापाला सुरी स्पिरिटने पुसली होती ना? नसेल तर पुसलेल्या सुरीने आणखी एक पातळ काप घ्या. मग शेंडा कागदावर सावलीत ठेवा, कूलर नसलेल्या खोलीत. आपल्या कोरड्या हवेत पाच-सहा दिवसांत कापावर खपली धरते. नंतर वर सांगितलेल्या रेतीच्या मिश्रणात कोरडाच खोचा आणि पाणी घालू नका. दोनेक आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, अडकल्यासारखं वाटलं की मूळ फुटलं समजा. मग कडेने थोडं पाणी द्या. या गरमीत उशीर लागू शकतो, घाबरू नका, पानांतल्या साठ्यावर ते टिकतं.

उन्हाला पूर्वेची खिडकी असेल तर उत्तम, सकाळी नऊपर्यंतचं ऊन पुरे. आणि पाऊस लागला की कुंडी छताखालीच ठेवा.

गळालेल्या पानांतलं देठाकडून अखंड निघालेलं एखादं घट्ट पान असेल तर फेकू नका, तेही कोरड्या रेतीवर आडवं ठेवा.

मानेवाड्याची बाल्कनी
दोन सापडली. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेची आहे, तिथेच ताटलीत रेती घालून ठेवते.