काउंटी स्वतःच्याच राज्याविरुद्ध कोर्टात? आपल्या पालिकेला जमेल का हे?

ऐरोलीकर_सुलभा:
माझी मावशी ह्यूस्टनला मुलाकडे असते. वय ७६, आता तिथली नागरिक. परवा व्हिडिओ कॉलवर तासभर एकच विषय: टेक्सासने मतदानाचे नियम कडक केले आणि तिची हॅरिस काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) राज्य सरकारशी कशी भांडली. मला काही झेपेना. म्हणजे नवी मुंबई महापालिकेने शासनाला कोर्टात खेचायचं? आमच्याकडे मे २०२० पासून जानेवारी २०२६ पर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तरी पालिकेने हूं की चूं केलं नाही. (करणार कोण म्हणा, प्रशासक?) आणि ओळखपत्राचा नंबर मागितला तर बिघडतं काय? आपण नाही का कार्ड दाखवत?

कोर्टनाका_ठाणे:
तिथे मतदान काउंटीच घेते. केंद्रं, कर्मचारी, यंत्रं, मोजणी, सगळं तिच्या गळ्यात. म्हणून राज्याने नियम फिरवला की आधी काउंटीलाच झळ लागते. २०२० मध्ये कोविड असताना हॅरिसचे काउंटी क्लार्क (निवडणूक सांभाळणारे अधिकारी) ख्रिस हॉलिन्स यांनी गाडीत बसूनच मत द्यायची सोय केली, सुमारे १ लाख २७ हजार लोकांनी तसं मत दिलं. रात्रपाळीवाल्यांसाठी एक रात्र काही केंद्रं उघडी ठेवली. टपाली मतदानाचे अर्ज सरसकट घरी पाठवायला निघाले, ते मात्र टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने अडवलं. सप्टेंबर २०२१ मध्ये गव्हर्नर ॲबट यांनी 'सिनेट बिल १' वर सही केली आणि तिन्ही गोष्टींवर कायद्यानेच बंदी आली. न मागता अर्ज मिळवून देणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद! बिल अडवायला विरोधी आमदार गणपूर्ती मोडून विमानाने वॉशिंग्टनला पळाले होते. ठाणेकरांना त्यात नवल नाही, आपले गुवाहाटीला जातात.

निलेश_घणसोली:
ओळख पटवायला विरोध म्हणजे बोगस मतदानाला मोकळं रान. सॉरी, पण मला काउंटीचं पटत नाही.

निवृत्त_लिपिक_कळवा:
निलेशराव, नोकरीत असताना निवडणुकीच्या ड्युट्या भरपूर केल्या. आपल्याकडे मतदार कार्ड विसरलात तर आधार, पॅन, फोटो असलेलं पासबुक चालतं. यादीत नाव सापडलं, चेहरा जुळला, सही किंवा अंगठा, शाई, झालं. तिथली गोम टपाली पाकिटात आहे. याच कायद्याने पाकिटाच्या झाकणाखाली लायसन्सचा नंबर नाहीतर सोशल सिक्युरिटीचे (तिथल्या आधारसारख्या नंबराचे) शेवटचे चार आकडे लिहायचे, आणि तोच नंबर त्यांच्या दप्तरी हवा. तीस वर्षांपूर्वी नाव नोंदवताना एक दिला असेल आणि आज दुसरा लिहिला, तर पाकीट बाद. माणूस खरा, सही खरी, तरी बाद. मार्च २०२२ च्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत जवळपास २५ हजार टपाली मतं अशी गेली, आठात एक, बहुतेक या नंबरांच्या भानगडीपायी. टेक्सासात टपालाने मत देणारे मुख्यतः पासष्टीपुढचे. यात बोगस कोण सापडलं, तुम्हीच सांगा.

ऐरोलीकर_सुलभा:
मग काउंटी जिंकली का?

कोर्टनाका_ठाणे:
कसली जिंकतेय. काउंटीला अधिकार देतं राज्य, काढूनही घेतं राज्यच. २०२३ मध्ये टेक्सासने कायदा केला की ३५ लाखांवर लोकवस्ती असलेल्या काउंटीतलं निवडणूक प्रशासकाचं (निवडणुका चालवणाऱ्या नेमलेल्या अधिकाऱ्याचं) पद रद्द. एवढी मोठी काउंटी अख्ख्या राज्यात एकच, ओळखा कुठली. हॅरिस कोर्टात गेली, पण टेक्सासच्याच सुप्रीम कोर्टाने कायदा रोखला नाही, पद गेलं. (२०२२ ला हॅरिसच्या काही केंद्रांवर मतपत्रिकांचा कागद संपला होता, हेही खरं. राज्याने तेच बोट धरलं.)
मला विचाराल तर अटलांटाच्या तेव्हाच्या महापौर किशा लान्स बॉटम्स जास्त हुशार. २०२१ मध्ये त्यांच्या जॉर्जिया राज्यातही मतदानाचे नियम कडक करणारा कायदा आला, तर बाईंनी त्याचा फटका कमी कसा करायचा याचा आदेशच काढला: लोकांना ओळखपत्र कसं मिळवायचं ते सांगा, पाण्याच्या बिलासोबत मतदानाची माहिती पाठवा. आमच्या पाणीपट्टीच्या बिलावर थकबाकीच्या धमकीशिवाय काही नसतं.

निवृत्त_लिपिक_कळवा:
आपल्या पालिकेचं विचाराल तर निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, यादी विधानसभेची. पालिका ती प्रभागवार फोडते आणि माणसं, शाळा पुरवते. विरोध करायला हातात काही असावं लागतं ना. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने मतदान यंत्राच्या निकालावर शंका म्हणून मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घेऊन बघायचं ठरवलं होतं. प्रशासनाने जमावबंदी लावली, गाव थांबलं.

निलेश_घणसोली:
पाकिटाचं माहीत नव्हतं. पण केंद्रावर कार्ड मागायलाच हवं, यावर मी ठाम.

ऐरोलीकर_सुलभा:
मावशीला नोव्हेंबरात टपालानेच मत द्यायचंय. नंबर कुठला लिहू म्हणतेय.

निवृत्त_लिपिक_कळवा:
दोन्ही लिहायला सांगा, एक जुळला तरी पुरतो. आणि अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, गेल्या वर्षीचा चालत नाही.