देव नको म्हणणाऱ्यांना अध्यात्म लागतंच का?

घाटमाथा:
काल एका सभासदाने लिहिलं, "नास्तिक तरुणपणी मिरवतात आणि साठीनंतर एकटे पडतात. देव नको तर निदान अध्यात्म तरी धरा, नाहीतर खांदा द्यायला चार माणसं मिळायची नाहीत." वाचून रात्रभर डोक्यात राहिलं. उत्तर लांबलं म्हणून नवा धागा काढतोय.

माझे वडील गेल्या जानेवारीत गेले, रात्री सव्वादोनला. नेत्रदान-देहदानाचे फॉर्म त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलेले. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, त्यामुळे रडायच्या आधी फोन लावत बसलो. पहाटे नेत्रपेढीचे दोघे येऊन गेले, नऊला मेडिकल कॉलेजची गाडी. दहावा-तेरावा काही केला नाही. तिरडीच नव्हती तर खांदा कुठला, पण स्ट्रेचरला हात लावायला आठ जण पुढे आले आणि खाली सत्तर-ऐंशी माणसं उभी होती. वडिलांनी तीस वर्षं लोकांचे पेन्शनचे, रेशनचे, पोरांच्या ॲडमिशनचे कागद करून दिले, म्हणून आली ती. माणसाला माणसं लागतात एवढं साधं आहे हे. त्याला अध्यात्म नाव देऊन आम्हाला मागच्या दाराने देवळात का नेताय?

सईची आई:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण पटलं नाही. तो तुमच्या वडिलांचा स्वभाव झाला, सगळ्यांना तसं जमत नाही. आमचे हे गेले तेव्हा सई चौथीत होती. मी देवाधर्माची नाही, आजही घरात देव्हारा नाही. तरी खालच्या भजनी मंडळातल्या बायकांनी तेरा दिवस डबा आणला आणि चौदाव्या दिवशी एकीने हाताला धरून खाली नेलं, हातात टाळ दिले. हरिपाठातलं अक्षर येत नव्हतं मला. पण तीस जणींच्या टाळात आपला टाळ बरोबर पडला ना की छातीत आवळलेलं काहीतरी सैल होतं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी सलग झोपले. हे कागद करून देऊन होतं का सांगा.

कॅप्टन०७:
भजनी मंडळांचं कौतुक पुरे. आमच्याकडे सप्ताह बसला की पहाटे साडेचारला भोंगा. पोराची बारावी होती, सांगायला गेलो तर मलाच धर्मबुडवा म्हणाले.

सईची आई:
आमच्याकडे माइकच नाही. मी काय बोलतेय, तुम्ही काय बोलताय.

निर्विकार:
देव आणि भजन दोन्ही सोडा, विपश्यना करा. इगतपुरीला १० दिवस राहून आलोय. पूजा नाही, कर्मकांड नाही, फी नाही. शुद्ध विज्ञान.

घाटमाथा:
मीही बसलोय. पहाटे चारची घंटा, दहा तास बैठक, तीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना. मन शांत झालं, ते नाकारत नाही. पण संध्याकाळच्या प्रवचनात मागच्या जन्मांचे संस्कार येतात ते कुठल्या प्रयोगशाळेत मोजले?

निर्विकार:
ते मानायची सक्ती कुणी केली? विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींनीच खिरीतल्या वेलदोड्याची गोष्ट सांगितलीय, खटकतं ते काढा आणि खीर खा.

घाटमाथा:
वेलदोडा काढला म्हणून खीर विज्ञान होते का? खीर म्हणा, माझी हरकत नाही.

शमा_नगर:
आणि ही खीर सगळ्यांना पचत नाही. माझा चुलतभाऊ एका मौन शिबिरात (इगतपुरी नव्हे, नाव देत नाही) गोळ्या बंद करून बसला, सातव्या दिवशी घरी आणावा लागला. पुढचे दोन महिने काकू रात्री दाराला आतून कुलूप लावून झोपायची.

निर्विकार:
आजार फॉर्मवर लिहिला होता का? लपवला असेल तर दोष ध्यानाचा कसा? एक उदाहरण घेऊन लाखो लोकांच्या अनुभवाला खोटं ठरवायचं, वा.

शमा_नगर:
लपवला होता. मान्य. पण "गोळ्या सोडा, बसा" हे त्याला तुमच्यासारख्याच एका उत्साही माणसाने सांगितलं होतं.

निर्विकार:
माझ्यासारख्या म्हणजे? मी आयुष्यात कुणाला गोळ्या सोडा म्हटलेलं नाही. शब्द मागे घ्या.

मांजरपाट:
विपश्यनेवरच भांडायचं तर वेगळा धागा काढा. मूळ प्रश्नावर बोलतो. फुल्यांनी १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढला आणि डिसेंबरात भटाशिवाय पहिलं लग्नही लावून दिलं. भटजी नको एवढ्यावर थांबले नाहीत, नव्या मंगलाष्टका दिल्या, अखंड (अभंगांसारखी पदं) रचले, निर्मिकही ठेवला, म्हणजे जग निर्माण करणारा. जुनं काढलं की त्या जागी म्हणायला, गायला काहीतरी द्यावं लागतं हे त्यांना कळलं होतं. आपण पुढचे लोक नुसते वाद घालत राहिलो.

घाटमाथा:
निर्मिक त्यांना पटला, मला नाही पटत. पण गाण्याचं बरोबर आहे. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या, त्यानंतर दर २० तारखेला त्याच पुलावर लोक जमायचे. मी जायचो. चळवळीची गाणी व्हायची, बेसूर का असेना, पण घरी जाताना हलकं वाटायचं. अध्यात्माशिवाय होतं ते सगळं.

सईची आई:
मग त्यालाच मी अध्यात्म म्हणते, तुम्ही म्हणू नका. एकच सांगा. सत्तर-ऐंशी माणसं आली म्हणालात, ती पंधरा दिवसांनी कुठे होती? तुमच्या आईंजवळ कोण होतं?

घाटमाथा:
हे लागलं. कुणी नव्हतं. मी आठव्या दिवशी कामावर गेलो. आई सकाळी सवयीने दोन कप चहा टाकायची आणि एक मोरीत ओतायची, शेजारच्या वहिनींनी सांगितलं तेव्हा कळलं. तेरा दिवस घर भरलेलं असतं तर बरं झालं असतं, एवढं मान्य करतो. आत्मा आणि सद्गती त्यासाठी घ्यावी लागते हे अजूनही मान्य नाही.

सईची आई:
नका घेऊ. आई कुठे असतात?

घाटमाथा:
कऱ्हाडला. पण ती टाळ धरायची नाही, आधीच सांगतो.

सईची आई:
नको धरू दे. माझी मावसबहीण आहे तिथे, त्यांच्या भजनी मंडळातल्या बायका बुधवारी चारला जमतात, निम्म्या नुसत्या गप्पा मारायला येतात. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.