बचत गटाचा नफा: सारखा वाटायचा की कामाप्रमाणे?

शेवंता, जत
आमच्या गटात अकरा जणी, उडदाचे पापड करतो. देणी भागवून यंदा अठरा हजार उरले आणि तेव्हापासून कुरबूर सुरू आहे. आम्ही मजुरी धरलीच नव्हती, उरेल ते वाटून घ्यायचं एवढंच ठरलं होतं. एक जण दिवसाला चार किलो लाटते. दुसरीची सासू अर्धांगवायूने अंथरुणावर, ती दीड किलोच्या पुढे जात नाही. पहिली म्हणते, माझ्या मनगटाची सूज कोण भरून देणार? तिचं खोटं नाही. पण गट काढला तोच दुसरीसारख्यांसाठी. तिला कमी द्यायला माझा हात धजत नाही. कसं करू?

स्मिता, गिरगाव
ताई, मजुरी आणि नफा एकत्र केलात तिथेच घोळ झाला. माझी आई लिज्जतमध्ये ‘बहीण’ होती, तिथे सभासद बाईला बहीणच म्हणतात. पहाटे केंद्रावरून मळलेलं पीठ मोजून आणायची, उपड्या टोपल्यांवर पापड वाळवायची आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायची. ओलसर राहिलेला पापड घेत नसत. लाटल्याचे पैसे किलोवर मिळायचे, त्याला ‘वणाई’ म्हणतात. नफ्याचा हिशेब वेगळा, कारण तो मालकीचा. 1959 साली इथेच सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, आणि मालकी बायकांचीच राहिली. म्हणून चार किलोवालीला चार किलोची मजुरी द्या, नफा अकराही जणींना सारखा.

सुनील, म्हसवड
स्मिताताईंशी सहमत. फक्त हिशेब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. आमच्याकडच्या माणदेशी महिला बँकेला आधी परवाना नाकारला होता, बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून. त्या अक्षरं शिकून पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याज तोंडी काढून दाखवतो. 1997 मध्ये बँक उभी राहिली. अंगठा उठवणाऱ्या बाईला हिशेब कळत नाही असं कधीच धरू नका. आणि सगळे अठरा हजार वाटू नका, थोडे उडदासाठी ठेवा. भाव पडला की हातात रोकड लागते.

शेवंता, जत
काल बसलो. किलोचा दर ठरवून मागची वणाई आधी काढली, उडदाला चार हजार ठेवले, बाकीचे सारखे वाटले. चार किलोवालीने वही दोनदा वाचायला लावली, मग मान डोलावली. सासूवाली म्हणाली, पीठ कुटायचं मी घेते, ते पहाटे सासू उठायच्या आत उरकतं. कुटण्याचीही मजुरी लावलीय.