डॉ. तालिमेरेन आओंबद्दल थोडं

१९४८ च्या ऑलिंपिकमधल्या शैलेन मन्नांच्या हुकलेल्या पेनल्टीचा विषय निघतो म्हणून लिहितोय, भारताच्या त्या फुटबॉल टीमचा कॅप्टन कोण होता ते कुणी सांगत नाही. तालिमेरेन आओ, नागा हिल्समधल्या (आताचं नागालँड) चांगकी गावचा पोरगा. वडील पाद्री होते, टायफॉइडने गेले, मुलाने डॉक्टर व्हावं अशी त्यांची फार इच्छा, म्हणून हा आधी गुवाहाटीला कॉटन कॉलेज आणि मग कलकत्त्याला मेडिकलला गेला, आणि तिथे शिकता शिकताच मोहन बागान फुटबॉल क्लबचा कॅप्टनही झाला!

१९४८ ला लंडनमध्ये स्वतंत्र भारताची पहिली ऑलिंपिक टीम आत शिरली तेव्हा तिरंगा याच्याच हातात होता, स्वातंत्र्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं हो तेव्हा. मॅच फ्रान्सशी, आपले बहुतेक जण अनवाणी. सारंगपाणी रामनने ७० व्या मिनिटाला बरोबरी केली, पण दोन पेनल्टी वाया गेल्या (मन्नांची एकच, दुसरी महाबीर प्रसादची, तेव्हा सगळा दोष एकट्या मन्नांवर टाकू नका प्लीज) आणि शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन आपण २-१ ने हरलो.

मला जास्त भावतं ते पुढचं. १९५० ला एमबीबीएस झाला आणि फुटबॉल मागे ठेवून माणूस आपल्या डोंगरात परत गेला, कोहिमाच्या हॉस्पिटलात काम केलं, पुढे नागालँडचा आरोग्य संचालक झाला. १९९८ ला गेले. पोस्टाचं तिकीट निघालं तेही २०१८ मध्ये, खूपच उशीर केला आपण.