मदत हवी आहे : कोलोरॅडोत खासगी रँचवर म्यूल डिअरची शिकार

नमस्कार मंडळी. मी डेन्व्हरला असतो. येत्या हंगामात क्रेग-मीकर भागात एखाद्या खासगी रँचवर गाईडसोबत म्यूल डिअरच्या (मोठ्या कानांचं तिथलं हरीण) शिकारीला जायचं आहे. कुणी गेलंय का?

हंटर एज्युकेशनचं कार्ड हातात आहे. घोडं अडलंय लायसन्सवर. लायसन्सच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच, आणि चांगल्या युनिटसाठी (शिकारीचा ठरवून दिलेला विभाग) लोक वर्षानुवर्षं प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे सोडतीत प्राधान्य देणारे गुण, साठवतात. एक रँचवाला म्हणतो, जमीनमालकाच्या व्हाउचरवर (मालकाला मिळणारं, लायसन्स घेण्याचा हक्क देणारं पत्र) काम होईल. ते व्हाउचर फक्त खासगी जमिनीपुरतं की अख्ख्या युनिटला चालतं, हे आगाऊ पैसे भरण्याआधी कसं तपासायचं?

मी एच-१बीवर आहे. शिकारीचं वैध लायसन्स असल्यास बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यात सवलत आहे. तरी गाईडची रायफल वापरताना कुठले कागद जवळ ठेवता?

गाईड मात्र पारखी हवा. शिंगं कानांच्या बाहेर गेली एवढ्यावर 'मार' म्हणणारा नको. खोल छाती, जाड मान, खाली आलेलं पोट बघून वय ओळखणारा हवा. कोवळा नर मला मारायचाच नाही.

शेवटचं, मटणाचं. सीडब्ल्यूडी या हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाचे प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) शिजवून नष्ट होत नाहीत, त्यामुळे तपासणीचा निकाल आल्याशिवाय घरात कुणाला खाऊ घालणार नाही. पण डोकं भिंतीवर लावायचं असेल तर घशाजवळच्या गाठींचा नमुना कातडं न बिघडवता कोण काढून देतं? टॅक्सिडर्मिस्ट (प्राण्याचं डोकं-कातडं भरून टिकवणारा) की तपासणी केंद्र? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.