सत्तावीस सांगितलं की ७२ लिहिते

अंकलिपी: मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. १ ते १०० घडाघडा म्हणते, ओळीने लिहितेही. पण मधलाच आकडा सांगितला की सत्तावीसचे ७२, अडतीसचे ८३. एकोणतीस हमखास ३९. रोज अर्धा तास १ ते १०० लिहून घेतो, तरी फरक नाही. काय चुकतंय?

मणिमाळ: ते लिहून घेणं आधी थांबवा. ओळीने लिहिताना मूल आकडा ऐकतच नाही. बरीच मुलं आधी २, २, २ अशी उभी रांग काढतात आणि मग शेजारी १, २, ३ उतरवतात. वही सुंदर भरते, एवढंच.

अडचण शब्दातच आहे. 'सत्तावीस'मध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून ती सात आधी लिहिते. कानाला ती बरोबरच आहे!

दोन आठवडे पेन्सिल बाजूला. आइस्क्रीमच्या शंभर काड्या आणि रबरबँड घ्या. दहा-दहाचे नऊ गठ्ठे आणि दहा सुट्या. गठ्ठे तिनेच मोजून बांधायचे. आयता गठ्ठा तिच्या लेखी 'एक'च राहतो. गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे. "सत्तावीस दे" म्हटलं की काड्या मांडायच्या, "दोन दशक, सात एकक" म्हणायचं आणि मग "सत्तावीस". रोज पाच-सहा आकडे, दहा मिनिटं पुरे.

मग पुठ्ठ्याची कार्डं. १०, २०... ९० ही ८ सेंमी लांब, १ ते ९ ही ४ सेंमी, उंची सारखी. २० मधल्या शून्यावर ७ ठेवला की २७. शून्य उजव्या अर्ध्यातच काढा, नाहीतर झाकलं जात नाही. काही मुलं सत्तावीसचे २०७ करतात, त्यावरही हाच उपाय.

काडीपेटी: याला जोड म्हणजे शब्दाचं शेपूट ऐकायला शिकवा. सष्ट म्हणजे साठीतला, हत्तर सत्तरीतला, वन्न किंवा पन्न पन्नाशीतला, ण्णव नव्वदीतला. तुम्ही आकडा म्हणायचा, तिने फक्त दशकाचं कार्ड उचलायचं. त्रेसष्ट-त्र्याहत्तर, बावन्न-ब्याण्णव या जोड्या मुद्दाम घ्या, घोळ तिथेच होतो.

'एकोण' वेगळा धडा आहे, सुरुवातीला वगळा. नंतर तीन गठ्ठे ठेवून सांगा, "तीसला एक कमी." एक काडी काढायची तर एक रबर सोडावंच लागतं, उरतात दोन गठ्ठे, नऊ सुट्या. ३९ का नाही, हे तिला समोर दिसतं. एकोणनव्वदपर्यंत हेच. नव्याण्णव तेवढं सरळ.

अंकलिपी: मग थेट 'वीस सात'च शिकवू का? आणि हल्ली ती ७ आधी लिहून डावीकडे २ काढते, ते चालेल?

मणिमाळ: बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली 'वीस सात' पद्धतीचं वाचन आलं, वादही झाला. माझ्या मते पायरी म्हणून उत्तम, पण जोडीला सत्तावीस हवंच. भाजीवाला सत्तावीसच म्हणणार.

७ आधी लिहायची सवय मात्र आत्ताच मोडा. उत्तर बरोबर दिसतं म्हणून आपण सोडून देतो आणि पुढे एकशे सत्तावीसला १ काढून लगेच ७ लिहिला जातो, मग २ ला जागा उरत नाही, होतात १७२. आकडा पूर्ण ऐकायचा, "दशक किती?" याचं उत्तर तोंडी द्यायचं, मगच पेन्सिल टेकवायची.